बेडरूमच्या दाराचं गोल लॉक, ६८० रुपये: पोरीच्या खोलीला बसवलं, चार महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो. लॉक ठीक आहे, पाचपैकी साडेतीन स्टार. गोल मुठीचं, स्टीलसारखं दिसणारं, आतल्या बाजूला मधोमध बटन, ते दाबलं की दार लागतं, आतून मूठ फिरवली की बटन टक् करून बाहेर येतं आणि दार उघडतं. बाहेरच्या बाजूला चावी नाही, नुसती एक खाच आहे. दुकानात याला 'बाथरूमवालं' म्हणतात. ६८० ला पडलं, बसवायचे सुतारानं ४०० घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोड्या तक्रारी आहेत आणि तसंही या लॉकवर एक नाव, बॉक्सवर दुसरं आणि बिलावर तिसरंच होतं.

एका लॉकचा एवढा मोठा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल. पण घ्यायच्या आधी मी 'मुलांच्या खोलीला आतून कडी लावावी का' असं मराठीत भरपूर शोधलं, तर एकतर सुतारांच्या जाहिराती आल्या नाहीतर 'मुलांना वेळ द्या' टाईपचे लेख. म्हणून मला जे वाचायला हवं होतं तेच लिहून ठेवतोय.

आमचा नाशिकला इंदिरानगरात टू बीएचके. एका बेडरूममध्ये आम्ही दोघं आणि धाकटा, तो तिसरीत. दुसरी मोठीची, ती नववीत, वय चौदा. आई हॉलमधल्या दिवाणावर झोपते, तिला तिथला पंखा आणि टीव्ही सोडून जायचंच नसतं. पण आईचं कपाट मोठीच्या खोलीत. बाल्कनी पण तिच्याच खोलीतून, म्हणजे कपडे वाळत घालायला, काढायला, तुळशीला पाणी घालायला सगळी वरात तिथूनच. इस्त्रीचं टेबल तिथेच. म्हणायला तिची खोली, वापरायला सार्वजनिक रस्ता.

आणि त्या दाराला आतून कडीच नव्हती. बिल्डरनं दिलेली होती, पण ही अडीच वर्षांची असताना एकदा आतून कडी ढकलून बसली, मग पाऊण तास आत ती रडतेय, बाहेर हिची आई रडतेय, शेवटी वॉचमन बाल्कनीतून चढला. त्याच संध्याकाळी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कडी काढून टाकली. दारावर चार भोकं तशीच राहिली, बारा वर्षं कुणाला आठवण पण झाली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि तिनं दाराला आतून खुर्ची लावायला सुरुवात केली. प्लास्टिकची नाही, अभ्यासाची, लोखंडी पायांची. फरशीवर ओरखडे उठले. मी रागावलो, फरशीवरून. ती म्हणाली, "मग कडी लावून द्या ना पप्पा. कुणी नॉकच करत नाही." मी म्हटलं, काय करायचंय आत कडी लावून? ती म्हणाली, "काहीच नाही." हे 'काहीच नाही' ज्यांच्या घरात चौदा वर्षांचं कुणी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

आईनं लगेच निकाल दिला. "पोरीच्या खोलीला आतून कडी? आम्ही नऊ जण दोन खोल्यांत वाढलो, दाराला पडदा होता नुसता." मला पण पटलं होतं खरं तर. म्हणून रात्री मोबाईल घेऊन बसलो ते नाही म्हणायला पुरावा मिळवायला. पुरावा मिळाला, उलट बाजूचा.

पहिली गोष्ट जी वाचून मला जरा लाजच वाटली ती ज्युडिथ स्मेटाना यांच्या कामाबद्दल. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ, आईबाप आणि या वयाची पोरं नेमकी कशावरून भांडतात हाच त्यांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास. तर भांडणं मोठ्या गोष्टींवरून फारशी नसतातच. चोरी करू नये, कुणाला त्रास देऊ नये, यावर दोघांचं जवळपास एकमत असतं. भांडण असतं खोली आवरण्यावरून, कपड्यांवरून, केसांवरून, मैत्रिणींवरून. कारण खोलीतला पसारा आईबापाला घराच्या शिस्तीचा विषय वाटतो आणि पोराला तो स्वतःचा, खाजगी विषय वाटतो. विषय एकच, खातं वेगळं. आमच्या घरात मागच्या महिन्याभरातली भांडणं मी मनातल्या मनात मोजली. सातपैकी सहा या खात्यातली निघाली, सातवं गणिताच्या मार्कांचं.

दुसरी गोष्ट तर सरळ माझ्या पोटावर पाय देणारी. मी सातपूरला एका कंपनीत क्वालिटीला आहे, तपासणे हाच धंदा. आता स्वीडनमधल्या हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर या दोघांचा २००० सालचा अभ्यास आहे, १४ वर्षांची ७०३ मुलं आणि त्यांचे आईबाप. तोपर्यंत सगळीकडे असंच म्हटलं जायचं की ज्या आईबापाला पोरगं कुठे जातं, कुणाबरोबर असतं हे माहीत असतं त्यांची पोरं कमी बिघडतात, म्हणून नजर ठेवा. या दोघांनी साधा प्रश्न विचारला, की आईबापाला हे माहीत झालं कसं? तर चौकश्या करून आणि नियम लावून कमीच, मुख्य म्हणजे पोरानं आपण होऊन सांगितलं म्हणून. म्हणजे ज्याला आपण 'माझं लक्ष असतं बरं का' म्हणतो ते बहुतेक वेळा पोराचं सांगणं असतं, क्रेडिट आपण घेतो. आम्ही नवीन ऑपरेटरला पहिल्या दिवशी शिकवतो की इन्स्पेक्शननं क्वालिटी येत नाही, फक्त रिजेक्शन कळतं. घरी मात्र मी सकाळ-संध्याकाळ गेज घेऊन फिरत होतो.

तिसरं रीड लार्सन यांचं, हे पण अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ. यांची पद्धत मला फार आवडली, पोरांना पेजर देऊन ठेवायचे (तेव्हा पेजर होते), तो दिवसातून कधीही वाजणार, वाजला की त्या क्षणी कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस, कसं वाटतंय हे वहीत लिहायचं. पाचवी ते नववीची मुलं. त्यात दिसलं असं की सातवी ते नववीच्या पोरांना एकटं बसून झाल्यावर नंतर जरा बरं वाटतं, लहानांचं तसं होत नाही. आणि मोठ्यांमध्ये जी थोडा वेळ एकटी असतात, खूप पण नाही आणि शून्य पण नाही, त्यांचं बाकी गाडं जास्त रुळावर असतं. आमच्याकडे हे दोन्ही नमुने एकाच छताखाली. धाकट्याला संडासला जाताना पण बाहेर कुणीतरी उभं लागतं आणि मोठीला पाणी प्यायला ओट्याजवळ दुसरं कुणी असलेलं चालत नाही.

बरं हा काही आपल्याच घरचा नग आहे असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं १० ते १९ म्हणजे किशोरवय, आणि २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात या वयाचे २५ कोटींच्या वर लोक होते. त्यातल्या किती जणांना स्वतःचं दार आहे हा वेगळाच विषय. आपल्याकडे खोली आहे तर कडीचा प्रश्न पडतोय एवढं भान मला आहे.

तर शेवटी गेलो दुकानात. मेन रोडच्या आतल्या बाजूला हार्डवेअरची लाईन आहे तिथे. दुकानदार काकांनी विचारलं, मेन डोअर का बाथरूम? म्हटलं बेडरूम. "मग की-वालं न्या." म्हटलं पोरीची खोली आहे. "किती वर्षांची?" चौदा. त्यांनी हातातला बॉक्स परत ठेवला आणि दुसरा काढला. "मग हे बाथरूमवालं न्या. चावीची भानगड नाही. चावी असली की पोरं हरवतात नाहीतर आईबाप खिशात घेऊन फिरतात. हे बाहेरून नाण्यानं उघडतं, पण उघडलेलं आतल्याला कळतं." हा माणूस तीस वर्षं कड्या विकतोय आणि एका वाक्यात त्यानं माझं दोन रात्रींचं वाचन गुंडाळलं.

साधी कडी, म्हणजे टॉवर बोल्ट, शंभर-सव्वाशेत येते. ती घेऊ नका. आतून लागली की बाहेरून दार तोडण्याशिवाय इलाज नाही. पोरगं पडलं, चक्कर आली, किंवा मनात काही भलतंच आलं, तर मधे लाकूड नको. हे लिहायला बरं वाटत नाही पण घेतानाच विचार करायचा असतो. एकांत पाहिजे आणि बाहेरून उघडताही आलं पाहिजे, दोन्ही एकत्र या लॉकमध्येच मिळतं, म्हणून मी याला साडेतीन देतोय नाहीतर फिनिशिंग बघून अडीच दिले असते.

बसवायच्या आधी आम्ही जेवणाच्या टेबलावर तह केला. नॉक करायचं आणि उत्तराची वाट बघायची, नॉक करता करता आत शिरणं म्हणजे नॉक नव्हे (हे कलम माझ्यासाठी होतं). सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी सहाला बाल्कनीसाठी दार उघडं. आजीला कपाटासाठी कधीही, पण हाक मारून. खाच फक्त तीन हाका आणि फोन करूनही उत्तर नाही तरच वापरायची. आणि मोबाईल रात्री साडेदहानंतर हॉलमध्ये चार्जिंगला, ती पण आणि आम्ही पण. शेवटच्या तीन शब्दांवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि हरकत घेणारा मीच होतो.

मोबाईलचं कलम नसतं तर या लॉकला काही अर्थ नव्हता. कारण दार लावलं तरी खिशात तीस जणं घेऊन बसलात तर तो एकांत कसला. खरा दरवाजा मोबाईलच आहे, आणि त्याला खाच नाही.

आता अनुभव. पहिला आठवडा भयंकर. शाळेतून आली की टक्. जेवून झालं की टक्. तो आवाज फार मोठा आहे बरं का, अर्धा स्टार त्याचाच कापलाय, हॉलमध्ये टीव्ही चालू असला तरी ऐकू येतो. रविवारी मी तीनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. काही काम नव्हतं. बायको म्हणाली, "बसवून दिलंत ना तुम्हीच." आई म्हणाली, "मी सांगितलं होतं." रात्री दोघींच्या घोरण्याच्या मधे मी विचार करत होतो की ही आत काय करते. नंतर एकदा कपडे काढायला गेलो तर बेडवर पालथी पडून छताकडे नाही, फरशीकडे बघत होती. खरंच काहीच नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून टक् कमी झालं. दार नुसतं लोटलेलं असतं, लॉक लागतच नाही. आता लागतं ते ठराविक वेळी, कपडे बदलताना, मैत्रिणीचा फोन असताना आणि पाहुणे आले की. पाहुण्यांचं वेगळं आहे. पूर्वी कुणी आलं की आम्ही हाक मारायचो, बाहेर ये, काकांना नमस्कार कर, केवढी झालीस गं, कितवीत गं, आणि ही चेहरा पाडून उभी. आम्हाला वाटायचं उद्धट झाली. डेव्हिड एलकाईंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्येच लिहून ठेवलंय की या वयात मुलाच्या डोक्यात एक काल्पनिक प्रेक्षकवर्ग बसलेला असतो, सगळे आपल्याकडेच बघतायत, आपला पिंपल, आपला ड्रेस, आपलं चालणं. आणि आपण काय करतो, तर खरोखरचे प्रेक्षक सोफ्यावर आणून बसवतो आणि तिला स्टेजवर बोलावतो. आता ती पाच मिनिटं घेते, आतून लॉक, मग स्वतः बाहेर येते, पाणी देते, बोलते पण. परवा मामांना तिनं स्वतःहून विचारलं की गुडघा कसा आहे. मामा मला नंतर म्हणाले पोरगी शांत झाली की तुझी. म्हटलं हो, ६८० रुपये लागले.

झोपेचं पण सांगतो कारण यावर आमच्याकडे दंगल व्हायची. हिची शाळा सकाळी सात दहाची. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणजे दहाला झोप म्हटलं तरी डोळाच लागत नाही, आणि १३ ते १८ वयाला झोप लागते ८ ते १० तास. करा हिशेब. गंमत म्हणजे २०२४ मध्ये सरकारनं काढलं की चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका. छान आहे. पण त्यामुळे आमचा तिसरीतला, जो सहाला उठून उड्या मारतो, तो जातो नऊला, आणि जिच्या मेंदूत सकाळी सातला मध्यरात्र असते ती जाते सात दहाला. तर रविवारी ती लॉक लावून साडेनऊपर्यंत झोपते. आधी धाकटा सात वाजता अंगावर उडी मारायचा. आता दारावर एक लाथ मारून परत येतो.

बोलण्याचं म्हणाल तर, मला वाटलं होतं दार लागलं म्हणजे बोलणं संपलं. पण रात्री जेवणं झाल्यावर मी डबा घासतो, तेव्हा ती स्वतः येऊन ओट्यावर बसायला लागली. समोरासमोर नाही, मी बेसिनकडे तोंड करून, ती बाजूला पाय हलवत. एकदा सांगितलं की वर्गातल्या चौघींनी नवीन ग्रुप केला आणि हिला घेतलंच नाही, दहा दिवस झाले. दहा दिवस! आणि मी पहिलं काय बोललो, तर "एवढं काय त्यात, तू पण नवीन ग्रुप कर." ती उठून गेली. टक्.

दुसऱ्या दिवशी वाचलं की लंडनला सारा-जेन ब्लेकमोर या मेंदूशास्त्रज्ञांच्या टीमनं मुलींवर आणि मोठ्या बायकांवर एक प्रयोग केला होता, कॉम्प्युटरवर तिघांनी चेंडू फेकायचा साधा गेम, मधेच बाकीचे दोघं तुमच्याकडे फेकायचंच बंद करतात. वाईट सगळ्यांनाच वाटतं, पण किशोरवयीन मुलींचा मूड मोठ्यांपेक्षा जास्त पडला. खोट्या चेंडूनं एवढं होतं तर चार खऱ्या मैत्रिणींनी किती होईल. मी दारावर नॉक केलं, वाट बघितली, आणि बाहेरूनच म्हटलं, काल मी चुकीचं बोललो. आतून आवाज आला, "बरं." दोन दिवसांनी परत ओट्यावर.

आता कुणी विचारेल की दार बंद असणं आणि काहीतरी बिनसलेलं असणं हे ओळखायचं कसं. मी डॉक्टर नाही. पण आम्ही एवढं ठरवलंय की दार बंद असलं तरी खाणं, झोप, शाळा, एखादी तरी मैत्रीण हे चालू असलं तर दाराकडे बघायचं नाही. हे सगळंच दोन आठवडे ढेपाळलं, आधी जे आवडायचं त्यात पण रस नाही, किंवा मरायची भाषा एकदा जरी आली, तर थांबायचं नाही, आणि मरायच्या भाषेला तर दोन आठवडे पण नाहीत, त्याच दिवशी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर १४४१६ फ्रिजवर लावलाय, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. सरकारी दवाखान्यात या वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक पण असतं, आमच्या शेजाऱ्यांना माहीतच नव्हतं. आणि ज्यांना मुलांशी शरीर, प्रेम वगैरे बोलताना घाम फुटतो त्यांनी डॉ. राणी बंग यांच्या तारुण्यभान शिबिरांबद्दल वाचा, गडचिरोलीत बसून त्यांनी जे उघडपणे बोलायला सुरुवात केली ते आम्हाला इंदिरानगरात बसून जमत नाही.

आता तक्रारी. एक, नाण्यानं उघडतं हे खोटं आहे. कसं कळलं, तर धाकट्यानं एका दुपारी आतलं बटन दाबलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत कुणी नाही आणि दार लॉक. या प्रकारच्या लॉकचा हा दोषच आहे, आत माणूस नसला तरी लागतं. मोठी शाळेत, मी कंपनीत, आणि आईच्या बीपीच्या गोळ्या आतल्या कपाटात. बायकोनं एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये सगळं लावून बघितलं, खाच बारीक, नाणं जाड. शेवटी आईनं स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, त्याचा पातळ कोपरा खाचेत घातला, फिरवला, उघडलं. तेव्हापासून आईला हे लॉक आवडायला लागलंय. उलथनं कुठे असतं हे तिलाच माहीत, त्यामुळे खाचेचा कंट्रोल आता तिच्याकडे. आणि त्याच दिवशी गोळ्या घेता घेता तिनं मोठीला सांगितलं की लग्नाआधी तिच्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिला कुलूप होतं, चावी ती गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवायची. मला पन्नास वर्षांत हे माहीत नव्हतं. ट्रंकेत काय होतं ते मोठीला सांगितलंय म्हणे. मला सांगत नाहीत दोघी.

दोन, आतल्या मुठीचे स्क्रू महिन्यात ढिले होतात. मी दोनदा आवळले, नॉक करून.

तीन, बसवणं. या लॉकला दारात गोल ५४ एमएमचं भोक लागतं, सुताराकडे त्या मापाचा होल सॉ आहे का हे आधी विचारा. आमच्याकडे आलेल्यानं पटाशीनं कोरलं आणि मुठीच्या एका बाजूला दोन एमएमची फट राहिली, आतलं दिसत काही नाही पण उजेड येतो. दाराची जाडी पण मोजून जा, पातळ दाराला मूठ हलते. सुतार म्हणाला पुट्टी भरून देतो, जुन्या कडीची चार भोकं पण भरतो, वरचे शंभर द्या. भोकं भरून घेतली. फटीला पोरीनं आतून मांजराचा स्टिकर लावलाय.